कुलूप लिहिणारी

रविवारी रात्री रेडिओ किंचाळायचा.
लुडोमिर कॅसेट लावून बसायचा, बोट लाल बटणावर,
आणि घरात कुणी दिवासुद्धा लावायचं नाही,
कारण एक खट्ट मध्ये आली
की पुढच्या रविवारपर्यंत थांबा.
तो चिरका, दातांत कळ आणणारा आवाज
म्हणजे प्रोग्रॅम होता. सरकारी रेडिओवरून
अख्ख्या देशाला फुकट.
सोमवारी आमच्या जिन्यातल्या सात घरांत त्याच्या कॉप्या,
मंगळवारी शाळेत.
चोरी हा शब्द कुणाला सुचला नाही.
तेव्हा मांससुद्धा कार्डावर मिळायचं;
वाटून न संपणारी तेवढी एकच वस्तू होती.

मी त्यातूनच शिकले.
आता मी कुलपं लिहिते.

वुच. नावाचा अर्थ होडी, आणि शहराला धड नदी नाही.
वात्सवाफने इथे तीन वर्षं खपून
मोजे विणणाऱ्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिला:
टाच कुठे वळवायची, किती टाके सोडायचे,
पोटरीला किती सैल.
नऊ विकले गेले.
मग एका शनिवारी बाजारात, आंबवलेल्या कोबीच्या पिंपाशेजारी,
त्याला स्वतःचीच डिस्क सापडली. नावात दोन चुका.
किंमत, एक किलो कोबी.
त्याने ती विकत घेतली.
घासाघीसही केली म्हणे.
ऑफिसात येऊन टेबलावर ठेवली, हसला,
आणि बराच वेळ कोट काढायचा विसरला.

"पाव दिला की माझ्याकडे पाव उरत नाही," तो म्हणाला,
"म्हणून बेकरीवाल्याला कुणी विचारत नाही, पैसे कशाचे.
हे दिलं तरी माझ्याकडे आहे तेवढंच राहतं.
मग लोक म्हणतात, तुझं गेलं काय?
यागोदा, तीन वर्षं गेली.
तू उणीव बनव. विकायला तीच लागते."

मी बनवली.
बावीस ओळी. रोज सकाळी यंत्राला विचारतात, तू कोण?
उत्तर जुळलं नाही तर सुया हलत नाहीत.
त्या वर्षी एकेचाळीस विकले गेले.
आईची कवळी त्यातून आली.
हे मी लपवणार नाही.

वात्सवाफ गेला. कंपनी डब्लिनच्या कुणीतरी घेतली,
त्यांना आणखी कुणी.
बावीस ओळींच्या नऊ हजार झाल्या.
मोज्याची टाच अजून तिथेच वळते.
कुंपण शेताएवढं झालं, मग शेताहून मोठं,
आणि राखणदार आम्हीच, पगारी.

काल रात्री घरी फोन. पाब्यानित्सेहून झ्जिस्वावाबाई.
माझा नंबर तिला कुणी दिला, मी विचारलं नाही.
कॉम्प्युटर जळला. नवा आणला.
प्रोग्रॅम तोच, रोख पैसे मोजून घेतलेला,
पावती आहे, चहाचा डाग पडलेली.
"तो विचारतो मी कोण. अहो, तेवीस वर्षं मी मीच आहे."
बालवाडीचे साठ जोड सोमवारी द्यायचेत.
मी म्हटलं, अर्ज भरा. चौदा दिवस लागतात.
ती काही बोलली नाही.
मागे मांजर की फ्रिज, काहीतरी गुरगुरत होतं.

मग मी म्हटलं, पेन्सिल घ्या.
एकेक आकडा सांगत गेले,
ती प्रत्येक परत म्हणून दाखवायची,
सात, सात. चार, चार.
अठ्ठेचाळीस आकडे,
आणि मी अंधारातच बसले होते,
दिव्याच्या बटणाकडे हात जात नव्हता.

पलीकडे सुया सुरू झाल्या.
तिने फोन यंत्राजवळ धरला असावा.
चिरका आवाज. दातांत कळ.

सकाळी ऑफिसात गेले.
ती चोरवाट मीच ठेवलेली, कधीकाळी,
वात्सवाफला न सांगता.
ती बुजवायचं काम आजच्या यादीत होतं,
माझ्याच नावावर, तिसरं.
मी आधी पहिलं केलं.
मग दुसरं, फार सावकाश.